जुन्या आउटबोर्डचं पेट्रोल नेमकं कुठे अडतंय?

इंजिन दुसऱ्या-तिसऱ्या दोरीला सुरू होतं, हळू चालवलं तर छान चालतं, पण बोट वेगात घेतली की चार-पाच मिनिटांत मान टाकतं. जरा थांबून दोरी ओढली की पुन्हा चालू, आणि पुन्हा तेवढ्याच वेळात बंद. जुन्या टू-स्ट्रोक आउटबोर्डची, म्हणजे बोटीच्या मागच्या टोकाला बाहेरून लावायच्या इंजिनाची, ही नेहमीची तक्रार. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी कार्ब्युरेटरकडे, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाकडे, जातो. खरं तर तो सगळ्यात शेवटी खोलायचा असतो. पेट्रोल ज्या वाटेने इंजिनाकडे येतं त्याच वाटेने आपणही यायचं: टाकी, पिकअप नळी, पाइप, हाताने दाबायचा रबरी बल्ब, कनेक्टर, फिल्टर, पंप आणि मग कार्ब्युरेटर. आधीचे टप्पे तपासायला काही मिनिटं पुरतात. कार्ब्युरेटर नीट साफ करायचा म्हणजे अर्धा दिवस जातो.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण ती चुकली तर इंजिन जातं. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच आत जातं. पेट्रोल कमी पडलं की वंगणही कमी पडतं, आणि मिश्रण लीन झाल्यामुळे, म्हणजे पेट्रोल कमी नि हवा जास्त झाल्यामुळे, पिस्टन प्रमाणाबाहेर तापतो. भर वेगात अडखळणारं इंजिन ‘किनारा येईपर्यंत चालवू’ म्हणून रेटलं तर पिस्टनच्या डोक्याला भोक पडतं, नाहीतर पिस्टन सिलिंडरमध्ये धरतो. वेग उतरतोय असं जाणवलं की थ्रॉटल ताबडतोब मागे घ्या. हा दोष ‘चालतंय तोवर चालू दे’ म्हणण्यातला नाही.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती बोटीच्या तळात साचून राहते आणि एका ठिणगीने पेटते. म्हणून काम उघड्यावर करा, बॅटरीची तार काढून ठेवा, अग्निशामक हाताशी असू द्या. सुटी टाकी भरताना ती बोटीतून काढून जमिनीवर ठेवा. चाचणीसाठी इंजिन सुरू करायचं ते पाण्याच्या पिंपात बुडवून किंवा इंजिनाच्या पाणी घेण्याच्या छिद्रांवर पाण्याच्या पाइपाचे कप लावूनच. कोरडं चालवलं तर वॉटर पंपाचा रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारं चक्र) काही सेकंदांतच खराब व्हायला लागतो.

पेट्रोलच्या मागे लागण्याआधी कॉम्प्रेशन (पिस्टन सिलिंडरमध्ये तयार करतो तो दाब) आणि स्पार्क बघून घ्या. लहान-मध्यम जुन्या टू-स्ट्रोकमध्ये कॉम्प्रेशन साधारण ९० ते १२० पीएसआय मिळतं, पण आकड्यापेक्षा दोन सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. तो १० टक्क्यांहून जास्त असेल तर आधी त्याचं कारण शोधा. स्पार्क टेस्टरवर पॉइंटवाल्या मॅग्नेटोची (जुन्या, यांत्रिक स्विचने ठिणगी पाडणाऱ्या व्यवस्थेची) ठिणगी साधारण ६ मिमी आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनची ११ मिमी फट ओलांडायला हवी. हे दोन्ही ठीक असेल तर मग पेट्रोल.

बल्ब काय सांगतो

सगळ्या इंधनवाटेवरचं सगळ्यात बोलकं उपकरण म्हणजे हा रबरी बल्ब. त्याच्या दोन्ही टोकांना आत एकेक झडप असते, पेट्रोल एकाच दिशेने जाऊ देणारी. बल्बवरचा बाण इंजिनाकडे असायला हवा. भरताना बल्ब आडवा न धरता उभा धरा, बाण वर. बऱ्याच बल्बमधल्या झडपा उभ्या स्थितीत नीट बसतात. पाइपात पेट्रोल असेल तर दहाएक दाबांत तो कडक होतो.

कितीही दाबला तरी कडक होत नसेल तर तीन शक्यता: तो कुठून तरी हवा ओढतोय, त्याच्या झडपा गेल्यात, किंवा पेट्रोल पुढे जाऊन कार्ब्युरेटरमधून ओसंडतंय. तिसरी शक्यता आधी बघा. एअर कव्हर काढा, कार्ब्युरेटरच्या तोंडाशी टॉर्च धरा आणि दुसऱ्याला बल्ब दाबायला सांगा. तोंडातून पेट्रोल ओघळलं तर फ्लोटची नीडल बसत नाहीये. (फ्लोट म्हणजे कार्ब्युरेटरच्या वाटीतला तरंगता भाग; वाटी भरली की तो नीडल, म्हणजे सुईसारखी झडप, दाबून पेट्रोल थांबवतो.)

दगडासारखा कडक आहे पण इंजिनाला पेट्रोल पोचत नाही, तर अडथळा बल्बच्या पुढे आहे: इंजिनावरचा फिल्टर, पंप किंवा बंद स्थितीत चिकटलेली नीडल. चालू इंजिनात बल्ब चपटा होऊन आत ओढला गेला तर अडथळा बल्बच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे. चालू इंजिनात बल्ब थोडा मऊ लागणं मात्र स्वाभाविक आहे, कारण तेव्हा पंप त्यातून ओढत असतो. एवढ्यावरून बल्ब बदलू नका.

खरी चाचणी पाण्यावर. इंजिन मान टाकायला लागलं की बरोबरच्या माणसाने बल्ब एकसारखा दाबत राहायचं. इंजिन सावरलं तर दोष टाकी ते पंप यांच्या दरम्यान, पंप धरून. हात पंपाचं काम करतोय म्हणूनच ते सावरलं. काहीच फरक पडला नाही तर दोष पंपाच्या पुढे, कार्ब्युरेटरमध्ये किंवा पेट्रोलशी संबंध नसलेल्या ठिकाणी. या एका चाचणीने निम्मी शोधाशोध संपते, आणि तिला एक पैसा लागत नाही.

याच्या जोडीला एक चाचणीची टाकी तयार ठेवा: १२ लिटरची स्वच्छ टाकी, नवा पाइप, नवा बल्ब, पेट्रोल-ऑइलचं ताजं मिश्रण. इंजिन तिच्यावर बिनतक्रार चाललं तर दोष बोटीतल्या टाकीत किंवा पाइपात आहे, इंजिनाला हात लावायची गरज नाही.

टाकी आणि पाइप

टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहणं हे वर सांगितलेल्या ‘चार-पाच मिनिटांच्या’ दुखण्याचं सगळ्यात साधं कारण. २५ हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक पूर्ण थ्रॉटलला ताशी साधारण १० लिटर पेट्रोल पितं. बंद टाकीतून तेवढं बाहेर पडत गेलं आणि आत हवा आलीच नाही की टाकीत निर्वात वाढत जातो, आणि एका टप्प्यावर पंपाची ताकद कमी पडते. म्हणूनच बंद पडायला काही मिनिटं जातात. इंजिन बंद करून झाकण सैल करा. ‘फुस्स’ करून हवा आत गेली की कारण सापडलं. स्क्रू उघडा असूनही भोक गाळाने किंवा गंजाने बुजलेलं असू शकतं. याउलट पूर्ण थ्रॉटल दिल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत इंजिन बसत असेल तर ते फक्त फ्लोटच्या वाटीत साठलेल्या पेट्रोलवर चाललं आणि मागून पुरेसं आलंच नाही, असं समजा.

इथे एक अपवाद लक्षात ठेवायला हवा. १९५० च्या दशकातल्या जॉन्सन आणि एव्हिनरूडच्या बऱ्याच इंजिनांना पेट्रोल पंपच नाही. त्यांच्या टाकीला जोडनळीचा पाइप येतो. एका नळीतून क्रँककेसचा, म्हणजे पिस्टनखालच्या बंद कप्प्याचा, दाब टाकीत जातो, दुसरीतून तो दाब पेट्रोल वर ढकलतो. या टाकीचं झाकण हवाबंदच हवं. झाकणाचं गॅस्केट सुकलं की दाब निसटतो आणि इंजिन उपाशी राहतं. अशा टाकीला कुणी हवेचं भोक पाडून ठेवलं असेल तर ते बुजवा.

पिकअप नळीच्या टोकाला बारीक जाळी असते. टाकी रिकामी करून नळी बाहेर काढा आणि जाळी बघा. तपकिरी चिकट थर बसलेली जाळी हळू चालवताना पुरतं पेट्रोल देते, वेगात देत नाही. पक्क्या बसवलेल्या टाकीवर सायफन रोखणारी, म्हणजे पेट्रोल आपोआप वाहून जाऊ न देणारी, झडप असते. तीही आतून घाणीने अर्धवट बंद होते.

पाइपाकडे बाहेरून बघून समाधान मानू नका. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या पाइपाचं आतलं अस्तर सोडवतं. संशय असलेला पाइप ब्लेडने उभा चिरून बघा. बाहेरचं रबर काळंभोर, लवचिक, एकही भेग नाही, आणि आत कांद्याच्या पातीसारखी पातळ साल सुटून एका बाजूला दुमडलेली. बल्बने दाब दिला की ही साल भिंतीला चिकटते आणि पेट्रोल जातं. पंपाने ओढलं की ती उघडून वाट अडवते. त्यामुळे बल्ब दाबून केलेल्या तपासणीत पाइप पास होतो आणि पाण्यावर नापास. दहा वर्षांच्या पाइपाचं परीक्षण करत बसण्यात अर्थ नाही, टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत सगळा बदला. आतला व्यास मूळ पाइपाएवढाच ठेवा. पाइप फक्त पेट्रोलसाठी बनवलेलाच हवा.

हवा ओढणं हे वेगळं दुखणं आहे. टाकी ते पंप हा ओढीचा भाग, त्यामुळे इथली फट चालू इंजिनात पेट्रोल गळवत नाही, हवा आत घेते. बाहेरून सगळं कोरडं दिसतं आणि माणूस फसतो. कनेक्टरमधली ओ-रिंग सगळ्यात आधी बघा. ती चपटी किंवा चिरलेली असेल तर बदला. मग पाइप आवळणाऱ्या पट्ट्या बघा. स्क्रूची पट्टी जास्त आवळली की पाइप कापते. फट शोधायला पंपाच्या अलीकडे वीत-दीड वीत पारदर्शक पाइप जोडा. सुरुवातीला चार बुडबुडे दिसले तर काळजी नाही, एकसारखी माळ दिसली तर हवा आत येतेय. तिथेच टी-जोड देऊन व्हॅक्यूम गेज लावलं तर चित्र पूर्ण होतं. पूर्ण थ्रॉटलला निर्वात पाऱ्याच्या ४ इंचांपेक्षा जास्त आणि बुडबुडे नाहीत, तर मागे अडथळा आहे. निर्वात कमी आणि बुडबुडे भरपूर, तर फट आहे. टाकी फार खाली ठेवली असेल तरही पंप हरतो. या पंपांची उचल साधारण ६० सेंमीपर्यंतच धरावी.

पंप

जुन्या आउटबोर्डचा पंप क्रँककेसमधल्या दाबाच्या चढउतारावर चालतो. पिस्टन वर-खाली जातो तसा एका बारीक छिद्रातून येणारा ठोका डायफ्रामला (पातळ लवचिक पडद्याला) मागेपुढे हलवतो, आणि दोन पातळ झडपा पेट्रोल एकाच दिशेने पुढे सोडतात. डायफ्राम काढून उजेडासमोर धरा, हलकेच ताणा. टाचणीएवढं भोकही दिसतं. कडक पडलेला, सुरकुतलेला डायफ्राम भोक नसलं तरी निकामीच. झडपांची पातळ पानं सपाट बसायला हवीत, कोपरा उचललेला नको.

डायफ्रामला भोक पडलं की दोन गोष्टी होतात. पंप दुबळा होतो, आणि ज्या सिलिंडरचा ठोका पंप वापरतो त्याच्या क्रँककेसमध्ये त्या छिद्रातून कच्चं पेट्रोल शिरतं. तो सिलिंडर आयडलला (थ्रॉटल न देता हळू चालताना) मिसिंग मारतो, म्हणजे मधूनमधून पेट घेत नाही, धूर करतो, त्याचा प्लग ओला निघतो आणि बाकीचे कोरडे. अशा वेळी लोक कार्ब्युरेटर तीन-तीनदा साफ करतात. पंपाची ठोक्याची नळी किंवा जोड उघडून आत पेट्रोल आहे का बघा. तिथे फक्त हवा हवी, फार तर ऑइलचा ओलावा.

किट बसवताना जुन्या भागांचा क्रम ओळीने मांडून ठेवा, कारण गॅस्केट आणि डायफ्राम उलटसुलट झाले तर पंप चालत नाही. स्क्रू तिरक्या क्रमाने आवळा. सिलिकॉन सीलंट लावू नका. पेट्रोलने ते सुटतं आणि त्याचे तुकडे जेटमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक पितळी छिद्रात, जातात. नवं किट टाकूनही पंप दुबळा असेल तर ठोका देणाऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन पुन्हा तपासा.

१९८४ पासून एव्हिनरूड आणि जॉन्सनच्या इंजिनांवर व्हीआरओ नावाचा, ऑइल आणि पेट्रोल एकत्र देणारा पंप आला. ऑइलची टाकी बंद करून पेट्रोलच्या टाकीतच मिश्रण घालायचं असेल तर ऑइलची बाजू नीट बंद केलीय का आणि मिश्रण खरंच ५० ला १ आहे का, याची खात्री केल्याशिवाय इंजिन चालवू नका.

मिश्रणाचा हिशेब सोपा आहे. ५० ला १ म्हणजे लिटरमागे २० मिली ऑइल, २५ ला १ म्हणजे ४० मिली. फार जुन्या इंजिनांना २५ च्या आसपासचं प्रमाण लागतं, तेव्हा आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेतलंच प्रमाण पाळा. ऑइल टीसी-डब्ल्यू३ वर्गातलं, पाण्याने थंड होणाऱ्या आउटबोर्डसाठीचं. मोटरसायकलचं नको.

पाणी

फ्लोटच्या वाटीचा ड्रेन स्क्रू काढून पेट्रोल काचेच्या बरणीत घ्या आणि १० मिनिटं स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर, थरांमध्ये स्पष्ट रेघ दिसली तर पाणी आहे. इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये हे जास्त धोक्याचं आहे. १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये साधारण अर्धा टक्का पाणी गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतात. पिकअप तळातूनच ओढतो, आणि त्या थरात ऑइल जवळजवळ नसतं. असं पेट्रोल गाळून वापरता येत नाही, पूर्ण काढून टाका. बोटीवर जागा असेल तर पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर जरूर बसवा.

आता कार्ब्युरेटर

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर कार्ब्युरेटर काढा. उघडण्याआधी फोटो घ्या, आणि एकाहून जास्त कार्ब्युरेटर असतील तर भाग एकमेकांत मिसळू देऊ नका. जेटचे आकार वेगळे असू शकतात.

लक्षण बघून कुठे लक्ष द्यायचं ते ठरतं. आयडलला टिकत नाही पण थ्रॉटल दिला की चालतं, तर आयडल जेट आणि थ्रॉटलच्या पाकळीजवळची केसाएवढी छिद्रं. आयडल छान, वेगात दम नाही, तर मेन जेट. चालू करताना चोक लागतो आणि चोक काढला की बंद पडतं, तर सगळीकडूनच लीन आहे. कायम धूर, काळे ओले प्लग, तर नीडल किंवा फ्लोट. इलेक्ट्रिक प्रायमर (थंड इंजिन सुरू करताना जास्तीचं पेट्रोल देणारी झडप) असलेल्या इंजिनात तो आतून गळत असेल तरीही हेच दिसतं. प्रायमरच्या नळ्या चिमटून इंजिन सुधारतं का बघा. कार्ब्युरेटरच्या तोंडातून आयडलला पेट्रोलचं धुकं बाहेर उडत असेल तर कार्ब्युरेटरऐवजी मागच्या रीड व्हॉल्व्हकडे (मिश्रण आत जाऊ देणाऱ्या, परत येऊ न देणाऱ्या पातळ पानाच्या झडपेकडे) बघा.

साफ करताना रबर, प्लास्टिक आणि फ्लोट काढून मगच क्लीनर वापरा. फक्त फवारणी पुरत नाही. जेट काढायलाच हवेत. स्क्रूड्रायव्हर जेटच्या खाचेत बरोबर बसणारा घ्या, नाहीतर पितळ झिजतं. जेट उजेडाकडे धरल्यावर भोक काठोकाठ गोल दिसायला हवं. एका बाजूला चंद्रकोरीसारखी सावली असेल तर आत चिकट थर आहे. तो तांब्याच्या तारेच्या एका बारीक तंतूने काढा. ड्रिल किंवा पोलादी तार घातलीत तर भोक मोठं होतं आणि जेट वाया जातो. मग प्रत्येक वाटेतून क्लीनर सोडा आणि तो दुसऱ्या टोकातून बाहेर येतोय हे डोळ्यांनी बघा, चष्मा लावून. त्यानंतर दाबाची हवा.

फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर फ्लोट गेला. जुना बुचाचा फ्लोट वरचा लेप गेला की पेट्रोल पितो, जड होतो आणि पातळी वाढवतो, तो बदलाच. नीडलच्या टोकावर कडं उमटलं असेल तर नीडल आणि सीट दोन्ही बदला. बहुतेक कार्ब्युरेटरांत उलटा धरल्यावर फ्लोट वाटीच्या बैठकीला समांतर राहायला हवा. त्या उलट्या स्थितीत पेट्रोलच्या तोंडाला स्वच्छ नळी लावून हळू फुंका, हवा अडायला हवी. सुलटा केला की मोकळी जायला हवी.

कार्ब्युरेटर बसवल्यावर लगेच सुरू करू नका. खाली कोरडं पांढरं फडकं ठेवा, बल्ब कडक करा आणि १० मिनिटं थांबा. फडक्यावर डाग नाही आणि बल्ब बऱ्यापैकी कडक आहे, मग सुरू करा.

आयडलचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बसवून साधारण दीड फेरा बाहेर, ही फक्त सुरुवात. शेवटचं सेटिंग पाण्यावर, इंजिन गरम, गिअरमध्ये. स्क्रू आठवा हिस्सा फेरा आत घ्या आणि १५ सेकंद थांबा, कारण टू-स्ट्रोकला फरक दाखवायला वेळ लागतो. इंजिन कार्ब्युरेटरमधून शिंकलं की ते लीन झालं. आता उलट बाजूला जा, जड होऊन घरघर करेपर्यंत. मधली जागा पकडा आणि तिथून किंचित रिच (पेट्रोल जास्त) बाजूला ठेवा. थ्रॉटल झटकन दिल्यावर शिंकत असेल तर अजून थोडं बाहेर घ्या.

शेवटची चाचणी: सुरक्षित मोकळ्या पाण्यात दोन मिनिटं पूर्ण थ्रॉटल, मग तिथेच इंजिन बंद करा, हळू न करता. प्लग काढून सिलिंडरच्या क्रमाने मांडा. सगळे बदामी-तपकिरी हवेत. एक पांढराफटक आणि बाकीचे तपकिरी असतील तर इंजिन कानाला कितीही छान वाटलं तरी त्या सिलिंडरच्या कार्ब्युरेटरचा मेन जेट अजून पूर्ण मोकळा झालेला नाही. तो पुन्हा उघडेपर्यंत पूर्ण थ्रॉटल देऊ नका.